गवयाच्या तब्येतीची चौकशी

म्हातारा गवई गायला बसला की समोरचे लोक गाणं ऐकत नाहीत, तब्येत ऐकतात. हे कुणी उघड कबूल करणार नाही. ‘काय सूर लागला!’ असं म्हणून मांडी थोपटणाऱ्याच्या मनात खरं म्हणजे ‘अजून लागतो म्हणायचा!’ एवढंच असतं. बालगंधर्व साठीच्या पुढेही लुगडं नेसून सिंधू म्हणून उभे राहत, तेव्हा एखाद्या प्रेक्षकाला सुधाकराच्या दारूपेक्षा गंधर्वांच्या गुडघ्यांची काळजी जास्त वाटली असेल, तर त्याला अरसिक म्हणायचं कारण नाही. २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेन जोशी गायला बसले. त्या रात्री मांडवातून घरी परतलेल्यांना ‘काय गायले?’ असं विचारणारे कमी आणि ‘कसे होते?’ असं विचारणारे जास्त भेटले असणार, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

आपण ही चौकशी तोंडी करतो. अमेरिकेत तिचे सिनेमे काढतात. एखादा दाढीवाला गायक साठीला टेकला की चारी बाजूंनी कॅमेरे लावायचे, त्याच्या सुरकुत्या भिंतीएवढ्या मोठ्या करायच्या, आणि दीडपावणेदोन तास तो गातोय कसा ते बघत बसायचं. गोष्ट नाही, मारामारी नाही, मध्यंतराला सामोसा नाही. अशा सिनेमाला मझौलीत प्रेक्षक कुठून मिळणार, असं कुणालाही वाटेल. मला विचाराल तर मझौलीइतका लायक प्रेक्षक त्याला नॅशव्हिलमध्येही मिळाला नसेल.

मझौली म्हणजे जबलपूर जिल्ह्यातली आमची तहसील. सिहोऱ्याला रेल्वेतून उतरायचं, आत वळायचं, कलचुरी काळातल्या विष्णुवराहाला नमस्कार करायचा, आणि हिवाळ्याचे दिवस असतील तर मटरच्या पोत्यांना वळसा घालून आमच्या घरात शिरायचं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल या भागातून १८१७ साली उठला. राज्य गेलं, वरणफळं राहिली. आम्ही घरात मराठी बोलतो, भांडण रंगात आलं की हिंदीत शिरतो, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की वय, हुद्दा, नातं काही न बघता समोरच्याला ‘काय बड्डे’ म्हणतो. या मुलखात ‘बड्डे’ म्हटल्याशिवाय पंक्चरसुद्धा निघत नाही.

तर असा एक सिनेमा माझ्या चुलतभावाने पुण्याहून पेन ड्राइव्हमध्ये आणला होता. ‘नील यंग : हार्ट ऑफ गोल्ड.’ चुलतभाऊ पुण्यात संगणकावर काम करतो आणि उरलेल्या वेळात फोक-रॉक ऐकतो. फोक-रॉक म्हणजे काय, हे त्याने काकांना समजावून सांगितलं : लोकगीत गाणाऱ्यांनी साधी गिटार ठेवून विजेची गिटार हातात घेतली, त्यातून हे निघालं. बॉब डिलनने १९६५ साली न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात विजेची गिटार वाजवली तेव्हा जुन्या भक्तांनी हुर्यो केली होती. काका थोडा विचार करून म्हणाले, “म्हणजे वीज असली तर फोक-रॉक आणि गेली की नुसतं फोक. मग आपल्याकडे दोन्ही आहे.”

बैठकीत सतरंजीवर मटर सोलायला बसलेल्या काकू, काका, खाटेवर आजी, शेजारचे निवृत्त पटवारीजी आणि मी, एवढे प्रेक्षक. चुलतभावाने नियम सांगितला : गाणं चालू असताना कुणी बोलायचं नाही. हा नियम सुरुवातीची श्रेयनामावली संपेपर्यंत टिकला.

आधी त्याने दिग्दर्शकाची ओळख करून दिली. जोनाथन डेमी. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ या सिनेमासाठी ऑस्कर मिळवलेला. तो कशाबद्दल होता, असं काकूंनी विचारलं. माणसं खाणाऱ्या एका डॉक्टरबद्दल, असं उत्तर आलं. काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली. “अरे, मग यात शेवटी त्या म्हाताऱ्याला काही करत नाहीत ना?” आजी घाबरतील म्हणून विचारते, असंही त्यांनी जोडलं. आजी घाबरल्या नव्हत्या. त्या पुढे सरकल्या होत्या.

पडद्यावर नॅशव्हिलचं रायमन सभागृह उजळलं. हे सभागृह १८९२ साली पुरं झालं. टॉम रायमन नावाच्या आगबोटवाल्या कप्तानाने ते बांधायला घेतलं. तो म्हणे एका प्रवचनकाराची टवाळी करायला गेला आणि प्रवचन ऐकून पुरता पालटून परत आला. प्रवचनासाठीच बांधलेली वास्तू असल्यामुळे आत अजूनही चर्चमधल्यासारखे लाकडी बाक आहेत. पुढे १९४३ ते १९७४ अशी तीसेक वर्षं अमेरिकेतल्या गावरान गाण्यांचा सगळ्यात मोठा रेडिओ कार्यक्रम तिथून होत असे. चुलतभाऊ हे भारावून सांगत होता. काकांच्या डोक्यात मात्र वेगळाच हिशेब चालला होता. टवाळी करायला गेलेला माणूस मंदिर बांधून देतो, तर आमच्या गावच्या भागवत सप्ताहात मंडपाबाहेर पान खात उभे राहणाऱ्यांकडून निदान एक पाण्याची टाकी तरी निघायला हरकत नव्हती.

नील यंग गायला लागला. डोक्यावर हॅट, गळ्यात गिटार, आणि माउथ ऑर्गन तोंडाशी यावा म्हणून मानेभोवती अडकवलेली तारेची चौकट. आजींनी चष्मा पुसला. “मानेचं दुखणं आहे वाटतं. पट्टा लावलाय.”

चुलतभाऊ म्हणाला, “आजी, तो पट्टा नाही. त्यात बाजा आहे.”

“बाजा असेल रे. पण पट्टा कशाला लावलाय?”

आजींची स्वतःची मान गेली कित्येक वर्षं पट्ट्यात आहे. पट्टेवाल्याला पट्टेवाला बरोबर ओळखतो. त्यानंतर सबंध सिनेमाभर आजींचं लक्ष त्या मानेवरून हललं नाही. तो वर बघून गायला की आजी म्हणत, “अगदी वर नको रे बघूस.”

काकूंचं लक्ष मागच्या ओळीत गेलं होतं. गायकाच्या मागे उभी राहून साथ करणारी ती बाई कोण? चुलतभाऊ पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला, “पेगी. त्याची बायको.” झालं. त्या क्षणापासून काकूंच्या लेखी सिनेमाचा नायक बदलला. बायको मागे का? माइक वेगळा का दिला नाही? तिने कपडे स्वतः निवडले की त्याने? आणि बाजूला ती पांढऱ्या केसांची देखणी बाई कोण? ती एमिलू हॅरिस, स्वतः मोठी गायिका. केस रंगवत नाही म्हणून काकूंनी तिला जागच्या जागी पसंत केलं. काका म्हणाले, “बघ, तो एक ओळ म्हणतो आणि बायको मागून तीच म्हणते. किती समजूतदार.” काकू म्हणाल्या, “आधी तुम्ही ओळ धड म्हणा, मग मी मागे उभी राहते.”

पहिला अर्धा भाग सगळा नव्या गाण्यांचा होता. ‘प्रेअरी विंड’ नावाचा त्याचा संग्रह मैफलीच्याच वर्षी यायचा होता. तीच गाणी आधी, जुनी नंतर. इथे मला चुलतभावाची दया आली, कारण हा प्रसंग जगातल्या सगळ्या ज्येष्ठ गायकांच्या वाट्याला येतो. नवी गाणी ही त्यांची म्हातारपणातली अपत्यं. बापाला त्यांचं भारी कौतुक, आणि पाहुण्यांना वाटतं थोरल्याला बोलवा, तो काय छान म्हणतो. आमच्याकडे देशराज पटैरियांच्या लोकगीतांच्या कॅसेटी एके काळी ट्रॅक्टरवरसुद्धा वाजत. त्यांची नवी कॅसेट आली की लोक ती हौसेने आणत आणि वाजवत जुनीच. पटवारीजींनी दोन नवी गाणी शांतपणे ऐकली आणि मग ज्या स्वरात ते शेतकऱ्याला ‘मूळ खसरा दाखव’ म्हणत, त्या स्वरात म्हणाले, “दद्दा की पुरानी वाली लगाओ, बड्डे.”

मग गिटारची चौकशी निघाली. त्याच्या हातातली जुनी गिटार पूर्वी हँक विल्यम्सची होती. हँक विल्यम्स म्हणजे त्यांच्याकडच्या गावरान संगीताचा देव. याच रंगमंचावर गायलेला, आणि १९५३ च्या पहिल्याच दिवशी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी गेलेला. ती गिटार नील यंगकडे आली, आणि आता ती पुन्हा त्या रंगमंचावर वाजत होती. चुलतभावाचा आवाज इथे थोडा जड झाला. काकूंनी विचारलं, “गेलेल्या माणसाची वस्तू घरात ठेवली? तीही इतक्या तरुण गेलेल्याची?” काका व्यवहाराकडे वळले : जुन्या मालात फार फसवतात, पावती होती का? आजी मात्र म्हणाल्या, “ठेवली तर काय झालं? वाजवतोय ना. नुसती भिंतीवर टांगली असती तर वाईट.” परीक्षण लिहिणाऱ्यांना हे वाक्य सुचलं नसतं. त्यांनी ‘परंपरेचं संक्रमण’ असं काहीतरी लिहिलं असतं.

दुसऱ्या भागात जुनी गाणी आली आणि त्यांच्यासोबत झाडू आला. एका संथ गाण्यात वाद्यवृंदातला एक माणूस चक्क झाडू घेऊन उभा राहिला आणि तालात जमीन झाडू लागला. सर्र, सर्र. ताशावर ब्रश फिरवल्यासारखा तो आवाज त्या गाण्यातलं एक वाद्यच आहे. इथे घरात खरा गोंधळ उडाला. बाहेर दिवेलागण झालेली. काकू उठून बसल्या. “संध्याकाळी केर? लक्ष्मी थांबेल का घरात?” चुलतभावाने बजावलं, की या गाण्यांवर त्याने चांगले पैसे मिळवलेत. “मग दिवसा झाडत असेल,” काकू म्हणाल्या.

या वेळी नील यंगच्या मदतीला मैहर धावून आलं. मैहर आमच्याच रेल्वेमार्गावर पुढे आहे. तिथे बाबा अल्लाउद्दीन खाँ यांनी अनाथ मुलांना शिकवून मैहर बँड उभा केला आणि जुन्या बंदुकीच्या नळ्या कापून त्यांचं नलतरंग नावाचं वाद्य बनवलं. काका ते सांगू लागले आणि त्यांना स्फुरण चढलं. जबलपुरात तोफांचे गाडे बनवणारा सरकारी कारखाना १९०४ पासून आहे, पण शस्त्राचा याहून चांगला उपयोग तिथल्या एकाही साहेबाला सुचला नाही. आमच्या बाबांनी बंदूक वाजवली, तर त्या गोऱ्या माणसाने झाडू वाजवला म्हणून बिघडलं कुठे? काकूंना हे पटलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की केर कोणत्या बाजूला लोटतो. आत लोटत असला तर चालेल.

यानंतर आलं ते गाणं ज्यावर पटवारीजींनी सबंध संध्याकाळ वसूल केली. ‘ओल्ड मॅन.’ त्यामागची हकिकत नील यंग अनेकदा सांगतो. १९७० साली, वय पंचविशीच्या आत-बाहेर असताना, त्याने कॅलिफोर्नियात एक मोठं शेत विकत घेतलं. तिथे लुई नावाचा म्हातारा राखणदार होता. तो या केसाळ पोराला जीपमधून जमीन दाखवायला घेऊन गेला आणि त्याने विचारलं, की एवढ्याशा पोराला एवढी जमीन परवडली कशी? नशीब चांगलं होतं, असं पोराने सांगितलं. त्या म्हाताऱ्यावर त्याने गाणं लिहिलं, आणि आता पस्तीस वर्षांनी तेच गाणं गाताना तो स्वतः म्हाताऱ्याच्या जवळपास पोचला होता.

“नशीब!” पटवारीजी हसले. असं उत्तर त्यांनी नोकरीभर ऐकलं होतं आणि एकदाही नोंदीत घेतलं नव्हतं. “कितने में ली? रकबा कितना? नामांतरण हुआ?” साडेतीन लाख डॉलर, असं चुलतभावाने सांगितलं. पटवारीजींनी मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले, रुपयांची मझौलीच्या मटरची जमीन केली आणि काही काळ ते दिसेनासे झाले. परत आले तेव्हा त्यांचा निष्कर्ष तयार होता : गाणं चांगलं आहे, पण खरा माणूस तो लुई. जमीन मालकापेक्षा राखणदाराला जास्त माहीत असते. शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने तरुण मालकाला विचारलेला प्रश्न हा या जिल्ह्यातला नित्याचा प्रसंग आहे. त्यावर गाणं होतं आणि ते पस्तीस वर्षं चालतं, हे मात्र पटवारीजींना नवीन होतं. एवढ्या वर्षांत आपल्याकडे त्यावर फक्त दावे झाले, असं ते म्हणाले.

एव्हाना चुलतभाऊ रडकुंडीला आला होता. त्याला संगीतावर बोलायचं होतं. मागे लावलेल्या रंगवलेल्या पडद्यांवर, त्यांच्यावर पडणाऱ्या मधाळ उजेडावर, कॅमेरा एकेका चेहऱ्यावर किती वेळ थांबतो त्यावर. आणि इथे मान, बायको, पावती, केर आणि नामांतरण. शेवटी त्याने आवाज चढवला : “तुम्ही गाणं ऐका ना! त्याच्या घरच्या गोष्टींशी आपल्याला काय करायचंय?”

आजी म्हणाल्या, “बाळा, याला काहीतरी झालंय. मघापासून बघतेय. दुखण्यातून उठलेला माणूस असाच जपून हसतो.”

चुलतभाऊ गप्प झाला, कारण आजींचं निदान बरोबर होतं. २००५ च्या मार्चमध्ये नील यंगच्या मेंदूतल्या एका रक्तवाहिनीला फुगा आल्याचं निष्पन्न झालं होतं. शस्त्रक्रियेची तारीख समोर दिसत असताना तो नॅशव्हिलला जाऊन गाणी लिहीत आणि ध्वनिमुद्रित करत राहिला. शस्त्रक्रिया झाली. जूनमध्ये त्याचे वडील गेले. ते पत्रकार होते आणि अखेरच्या काळात त्यांची आठवण हरवली होती. ऑगस्टमध्ये तो या रंगमंचावर उभा राहिला. ती नवी गाणी, जी पटवारीजींना पुढे ढकलायची होती, ती वडिलांवर, शिकायला घर सोडून निघालेल्या मुलीवर आणि त्या जुन्या गिटारवर होती. म्हणजे मैफलीत खऱ्या अर्थाने सादर झाले ते बाप, मुलगी, वापरलेली वस्तू, मागे उभी असलेली बायको आणि दुखणं. आमच्या बैठकीतल्या सगळ्या नको त्या चौकश्या बरोबर तिथेच लागल्या होत्या. एकच माणूस संगीत ऐकत होता आणि त्यालाच सिनेमा दिसत नव्हता.

मला तेव्हापासून वाटतं, की ज्येष्ठ गवयाचं परीक्षण लिहिण्यासाठी वर्तमानपत्रांनी समीक्षक पाठवूच नयेत. प्रत्येक गावात एखादी काकू असतेच. ती तीन प्रश्न विचारील : घरी कोण कोण आहे, पथ्यपाणी काय चालू आहे, आणि हे वाद्य कुणाचं. तिन्हीची उत्तरं गाण्यात मिळाली तर गाणं चांगलं. मिळाली नाहीत तर आवाज कितीही वर जावो, तो नुसता व्यायाम. तरुण गायकाकडे तिन्हीपैकी एकाचंही उत्तर नसतं, म्हणून त्याला ताना घ्याव्या लागतात.

याच नील यंगचं तरुणपण ‘द लास्ट वॉल्ट्झ’ या मार्टिन स्कोर्सेसीच्या सिनेमात आहे. २५ नोव्हेंबर १९७६, सॅन फ्रान्सिस्को. त्या मैफलीआधी पाचेक हजार श्रोत्यांना बसवून सणाचं जेवण वाढलं होतं, हे कळल्यावर काकांनी तो सिनेमा न बघताच श्रेष्ठ ठरवला. त्यात गाताना नील यंगच्या नाकाशी एक पांढरा कण दिसत होता आणि तो नंतर चित्रपटाच्या पट्टीवरून मुद्दाम पुसून काढावा लागला, असा किस्सा प्रसिद्ध आहे. कण कसला, हे चुलतभावाने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. काकूंना त्याने सांगितलं, “सर्दी.” “तेव्हापासूनच तब्येत नाजूक,” असं म्हणून काकूंनी ते पदरी नोंदवून घेतलं.

‘हार्ट ऑफ गोल्ड’च्या अखेरीला, नावं वर सरकत असताना, सभागृह रिकामं झालेलं असतं आणि नील यंग एकटाच रिकाम्या बाकांसमोर बसून गात असतो. चुलतभावाने हळूच सांगितलं, की हा सिनेमातला सगळ्यात गंभीर क्षण आहे. काकू म्हणाल्या, “बघ, एकजण थांबला नाही. बायकोसुद्धा पुढे गेली.” आजींना त्यात गंभीर काही दिसलं नाही. “आपण बसलोय की,” त्या म्हणाल्या.

सिनेमा संपला. काकांनी विचारलं, “अजून गातो का?”

“गातो म्हणजे काय! ऐंशी झाले,” चुलतभाऊ खुलला. “२०२५ मध्ये त्याच्यावर आणखी एक मैफलीचा सिनेमा आला. ‘कोस्टल’. बसमधून गावोगाव जाऊन एकटा गातो.”

“एकटा?” काकूंनी मान वर केली. “तो कुणी काढलाय?”

चुलतभाऊ एकदम थांबला. तो सिनेमा अभिनेत्री डॅरिल हॅना यांनी काढलाय, आणि त्या नील यंगच्या आताच्या बायको आहेत. पेगीशी त्याचा घटस्फोट २०१४ मध्येच झाला, आणि १ जानेवारी २०१९ रोजी ती गेली. हे सगळं त्याला पाठ होतं. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मटरच्या सालांकडे बघितलं.

“आहे एक बाई,” तो म्हणाला.

“असू दे. पण ती मागे उभी राहायची, ती बरी आहे ना?”

सभागृह कधी बांधलं, गिटार कुणाची, शेत कितीला घेतलं, हे सगळं न अडखळता सांगणारा माझा चुलतभाऊ त्या संध्याकाळी पहिल्यांदाच म्हणाला, “मला नक्की माहीत नाही, आई.”

काकूंनी सोललेला मटर उचलला आणि आत जाता जाता निकाल दिला : “दोन तास त्या माणसाकडे बघत बसलास आणि घरच्यांचं विचारलं नाहीस. कसलं रे तुमचं संगीत!”